जखमेची मर्यादा

गाईच्या जखमेत अळ्या पडल्या, तर त्या काढायच्या की नाही? जैनेतर मैत्रिणींना हा प्रश्नच कळत नाही. "अहो, काढायच्या नाहीत तर काय पाळायच्या?" असं म्हणून त्या मोकळ्या होतात. पण आपल्या स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींच्या मनात तो कधी ना कधी येऊन गेलेला असतो. एका बाजूला एक गाय, दुसऱ्या बाजूला दीडदोनशे जीव. गाईला वाचवायचं तर ते मरणार. त्यांना हात लावायचा नाही तर गाय जिवंतपणी पोखरली जाणार. मग पुष्कळदा आपण तिसरीच गोष्ट करतो. नाकाला पदर लावतो, गोशाळेतल्या गड्याला "बघ रे बाबा काहीतरी" म्हणतो, जीवदयेच्या पेटीत नोट टाकतो आणि घरी येतो. अळ्या कोणी काढल्या, कशा काढल्या, गाय राहिली की गेली, हे विचारत नाही. आपल्या हातून काही झालं नाही, एवढंच समाधान.

हे समाधान खरं आहे का, याचा विचार करायचा म्हणून हा लेख.

आधी थोडं आपल्याबद्दल. हैदराबादच्या मराठी जैन घरांपैकी पुष्कळांची मुळं लातूर, नांदेड, परभणी, उस्मानाबाद या भागांतली. 1956 पर्यंत तो सारा मुलूख आणि हे शहर एकाच राज्यात होतं. मराठवाडा तिकडे गेला, आपण इथेच राहिलो. आपल्या आज्यांच्या घरी दावणीला जनावरं होती. संध्याकाळी बैल औताहून आले की घरातलं कोणीतरी त्यांच्या खांद्यावरून हात फिरवायचं. जू लागून खांदा सुजला आहे का, वेसणीनं नाक चिरलंय का, खुरात काटा आहे का, हे दिवेलागणीच्या आत बघून व्हायचं. त्या कामाला कोणी जीवदया म्हणत नसे. ते घरकाम होतं. आता काचीगुड्याच्या किंवा सुलतान बाजाराच्या घरात गाय दिसते ती खिडकीतून, कचराकुंडीपाशी उभी असलेली. नाहीतर शहराबाहेरच्या गोशाळेत, पर्वाच्या दिवशी. दया राहिली, पण हात फिरवायची सवय गेली.

मराठवाड्यात जखमेतल्या या अळ्यांना 'आसडी' म्हणतात. "बैलाला आसडी पडली" असं आजी म्हणायची, आणि त्या वाक्यात बैलाची कीव जेवढी, तेवढाच घरच्या माणसांना बोल असायचा. आसडी पडली म्हणजे कोणीतरी बघितलं नाही.

जखमेत नेमकं काय घडतं, तेही समजून घेऊ, कारण न समजता केलेली दया आंधळी असते. आपल्या देशात एक हिरवट निळसर, चमकदार माशी आहे. शास्त्रज्ञ तिला क्रायसोमाया बेझियाना म्हणतात. ही माशी मेलेल्या जनावराकडे जात नाही. तिला जिवंत मांस लागतं. शिंग मोडलेलं असो, खुरकुतीनं खुरांत पडलेली भेग असो, काटेरी तारेचा ओरखडा असो, नुकत्या जन्मलेल्या वासराची ओली नाळ असो, ती काठावर येऊन बसते आणि एका वेळी शंभर दोनशे अंडी घालून जाते. चोवीस तासांच्या आतबाहेर अंडी फुटतात. अळ्या डोकं खाली करून मांसात शिरतात. त्यांची श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असतात, ती तेवढी वर राहतात. पाचसात दिवस त्या खातात. त्या वासाला आणखी माश्या येतात, आणखी अंडी पडतात, जखम आत पसरते, पू होतो, ताप भरतो. पूर्ण वाढ झालेल्या अळ्या जमिनीवर पडून मातीत शिरतात आणि पुढे त्यांच्या माश्या होतात. गाईची जीभ पोचते तिथली जखम ती स्वतः चाटून काही काळ राखते. शिंगाच्या बुडाशी, वशिंडावर, शेपटीच्या मुळाशी जीभ पोचत नाही, आणि बहुधा तिथेच आसडी पडते. 2022 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पीची साथ पसरली, तेव्हा गाठी फुटून झालेल्या खड्ड्यांत हेच घडत होतं.

उपचारही गुपित नाही. जखमेभोवतीचे केस कापायचे. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ आत ठेवायचा. श्वास कोंडला की अळ्या वर येतात, मग त्या चिमट्यानं एकेक काढायच्या. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यानं धुवायची, मेलेलं मांस काढायचं, जंतुनाशक लावायचं आणि काठावर माशी बसू नये असं मलम किंवा स्प्रे. जखम खोल असेल, ताप असेल, तर डॉक्टरांकडून प्रतिजैविक आणि इंजेक्शन. गावाकडे सीताफळाचा पाला वाटून भरत, कापूर घालत. आणि हे एकदा करून भागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचं, कारण आत दडलेल्या चारदोन हमखास निघतात. खोल जखमेला असे पंधरा दिवस, कधी महिना लागतो.

आता प्रश्नाकडे येऊ. अळ्या मरतात, हे खरं. "काढून बाजूला मातीत ठेवल्या तर?" असं एका वहिनींनी मला विचारलं होतं. विचारण्यामागची भावना मोलाची आहे, पण उत्तर कडू आहे. ज्या लहान आहेत त्या जिवंत मांसाशिवाय जगतच नाहीत. ज्या मोठ्या झाल्या आहेत त्या मातीत जातील, माशी होऊन वर येतील आणि शेजारच्या गाईची जखम शोधतील. म्हणजे अळ्या पडल्यानंतर ज्यात कोणीच मरत नाही, असा मार्ग उरत नाही. हे आपण डोळे उघडे ठेवून मान्य करावं.

मग पाप कोणतं लहान, असा हिशेब सुरू होतो. पहिला हिशेब आकड्यांचा. एक गाय आणि दोनशे अळ्या, तेव्हा दोनशेंना वाचवा. हा हिशेब ऐकला की मला सूत्रकृतांगातले हस्तितापस आठवतात. ते म्हणत, रोज धान्य, फळं, कंद खाऊन असंख्य जीव मारण्यापेक्षा वर्षाकाठी एक हत्ती मारावा आणि त्यावर वर्ष काढावं. आकड्यात बघाल तर ते बिनतोड आहे. आर्द्रक मुनींनी ते मानलं नाही. पुढे अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हाच मुद्दा घेतला आणि फेटाळला. पुष्कळ लहान जीव वाचतात म्हणून एक मोठा जीव मारायला ते परवानगी देत नाहीत. आणि गंमत बघा, उलट हिशेबालाही ते परवानगी देत नाहीत. एका हिंस्र जीवाला मारल्यानं पुष्कळांचं रक्षण होतं, म्हणून त्याला मारावं, हेही त्यांना अमान्य आहे. म्हणजे तागडी घेऊन बसणाऱ्याची दोन्ही पारडी त्यांनी काढून घेतली.

दुसरा हिशेब इंद्रियांचा. कृमी दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भुंगा चार, गाय पाच, हे आपण पाठशाळेत शिकतो. तेव्हा पंचेंद्रियासाठी द्वींद्रिय गेला तर चालेल, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते अगदी चूक नाही. ज्याला जास्त जाणवतं त्याची वेदना जास्त, हे कोणालाही पटेल. पण या उत्तरात एक सोय आहे. पायऱ्या चढण्यासाठी असतात. त्यांवर उभं राहून खालच्याला लाथ मारायची परवानगी त्यांतून काढली, तर उद्या मन असलेला माणूस मन नसलेल्या सगळ्यांना तेच म्हणेल. शास्त्रानं इंद्रियं मोजली ती आपण जपून वागावं म्हणून.

तिसरा हिशेब हिंसेच्या प्रकारांचा. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. आरंभी, उद्योगी, विरोधी यांतून तो सुटू शकत नाही, त्या कमी करत जायच्या. जखम साफ करणाऱ्याचा संकल्प गाईला बरं करण्याचा असतो, अळ्यांच्या मरणाचा नसतो, म्हणून ही संकल्पी हिंसा नव्हे. हे मला मान्य आहे, आणि चिमटा हातात घेणाऱ्याला याचा आधार वाटायला हवा. तरीही मन पूर्ण थांबत नाही. हिंसेला योग्य नाव मिळालं म्हणून ती संपत नाही.

मग उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना सगळ्यात आधी कोणता शब्द घातला, तो आठवून पाहावा. प्रमाद. बेसावधपणा. प्राण जाणं ही नंतरची गोष्ट, आधी प्रमाद. सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत जीव गेला तर त्याला तेवढं लागत नाही, आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली कोणी मेलं नाही तरी त्याची हिंसा घडलेलीच असते. हे आपल्या सगळ्या आचार्यांनी फिरून फिरून सांगितलं आहे.

हे एकदा लक्षात घेतलं की गाईच्या जखमेचा प्रश्न पुरता उलटतो. आपण विचारत होतो, अळ्या काढताना हिंसा होते का? विचारायला हवं होतं, अळ्या पडल्या कशा? चिमट्याच्या वेळी आपण जी हिंसा मोजत बसतो ती तीन दिवसांपूर्वीच होऊन गेलेली असते. ज्या दिवशी ओरखडा कोणी पाहिला नाही, पाहिला तो धुतला नाही, त्या दिवशी गाय आणि त्या दोनशे अळ्या, दोघांचंही मरण आपण एकत्र मांडून ठेवलं. शहराबाहेरच्या एका गोशाळेत मलमपट्टी करणारा एक म्हातारा गडी आहे. शाळेत गेलेला नाही, जैन तर नाहीच. एकदा मोडक्या शिंगाच्या गाईपाशी बसून तो मला म्हणाला, "अम्मा, ये तीन दिन पुराना है. परसोंच कोई देख लेता तो इत्ता नै होता." प्रमादाची इतकी सोपी व्याख्या मी ऐकली नव्हती.

आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराला नवी नाही. पिठाची मर्यादा आपल्या घरांत मुलींनाही ठाऊक असते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यानंतर ते पीठ वापरायचं नाही. का? जीव पडल्यावर काय करायचं हा प्रश्न मग सुटत नाही, म्हणून तो येऊच द्यायचा नाही. गव्हाला वेळेवर ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, डाळ निवडून घट्ट झाकणात भरायची, पाणी गाळून घ्यायचं, गाळण्यावर राहिलेलं होतं तिथे परत सोडायचं. किडलेलं धान्य उन्हात टाकावं की पक्ष्यांना घालावं, यावर वाद घालणारी बाई आधीच उशिरा आलेली असते. आपल्या आज्यांनी अहिंसा सांभाळली ती अशी, वेळेचं भान ठेवून. मोठा धर्मसंकटाचा प्रसंग येऊ न देणं, हाच त्यांचा धर्म होता.

मग जखमेला मर्यादा नको? माशीची अंडी चोवीस तासांच्या आतबाहेर फुटतात, म्हणजे जखमेची मर्यादा एक दिवस. पावसाळ्यात त्याहूनही कमी. रोज एकदा पाहिलेली, धुतलेली, झाकलेली जखम आसडीशिवाय भरते. तिथे गायही वाचते आणि अळीचाही जीव जात नाही, कारण अळी जन्मालाच येत नाही. 1668 साली इटलीत फ्रान्सेस्को रेदी या वैद्यानं एक साधा प्रयोग केला. काही भांड्यांत मांस ठेवलं, काहींवर विरळ कापड बांधलं, काही उघडी ठेवली. उघड्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. कुजण्यातून आपोआप जीव निपजतात असं तोवर युरोप मानत होता. आपल्या शास्त्रांची भाषा वेगळी आहे, तिथे अशा जीवांचा जन्म संमूर्च्छन म्हटला आहे. त्या वादात मी पडत नाही. झाकून ठेव, वेळेत बघ, हा उपदेश दोन्हीकडून एकच येतो.

यावर कोणी विचारेल, मर्यादा टळलीच तर? तर काढायच्या. ताबडतोब, नीट, चिडचिड न करता, आणि नंतर प्रतिक्रमणात त्यांची आठवण ठेवून. एक दिवस थांबलं तर आणखी अंडी, आणखी अळ्या, म्हणजे आणखी जीव. कचरण्यानं पाप कमी होत नाही, वाढतं. आणि उघड्यावर ठेवलेला प्रत्येक व्रण हा पुढच्या दोनशेंना दिलेलं आमंत्रण आहे.

याहून कठीण प्रश्न पुढे आहे. जखम भरण्यापलीकडे गेली असेल तर? 1928 साली साबरमतीच्या आश्रमात असं एक वासरू होतं. जखमी, उठता न येणारं, तडफडणारं. गुरांच्या डॉक्टरांनी आशा सोडली. गांधीजींनी बराच विचार केला आणि इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं. नंतर 'नवजीवन'मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं आणि रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांत जैन पुष्कळ होते. अमृतचंद्राचार्यांनी हाही मुद्दा सोडलेला नाही. फार दुःखात आहे म्हणून जीवाला मारून सोडवावं, हे त्यांना मान्य नाही.

मीही इंजेक्शनच्या बाजूची नाही. मरण आपल्या हातात घ्यायला मन धजत नाही, आणि एकदा ते हातात आलं की 'दुःख' आणि 'अडचण' यांतली रेघ पुसट होते, हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही आपण बघतो. पण गांधीजींना पत्रं लिहिणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. तुमच्यापैकी किती जण त्या वासरापाशी बसायला गेले असते? जो म्हणतो 'मारू नका', त्याच्या अंगावर एक मोठं काम येतं. कूस बदलायची, नाहीतर दाबानं नव्या जखमा होतात. खाली कोरडं गवत घालायचं. पाणी तोंडाशी न्यायचं. दुखण्यावर औषध द्यायचं. जखम रोज उघडून झाकायची. हे करणार नसू आणि मारूही देणार नसू, तर त्याला अहिंसा म्हणता येत नाही. 'त्याचं कर्म तो भोगतोय' हे वाक्य तर आपण अशा वेळी उच्चारूच नये. कर्मसिद्धान्त स्वतःच्या दुःखाला धीर देण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखापासून उठून जाण्यासाठी नाही.

दया करतानाही बेसावध राहून चालत नाही, याचा मोठा धडा आपल्या देशानं घेतलेला आहे. गुराढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं स्वस्त औषध सर्रास दिलं जाई. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत. हे 2004 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. तोवर 1990 नंतरच्या काही वर्षांत गिधाडांच्या तीन जातींतली 95 टक्क्यांहून अधिक गिधाडं गेली होती. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, 2023 साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारं औषध उपलब्ध आहे. गाईची वेदना कमी करताना आकाशातले पंचेंद्रिय मरत होते आणि कोणाला पत्ता नव्हता. म्हणून गोशाळेला औषधासाठी पैसे देताना 'कोणतं औषध?' हे विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. ते यत्नाचाराचंच काम आहे.

आणि जखमा येतात कुठून, हेही विचारू या. रस्त्यावरची गाय गाडीखाली येते, कारण दूध काढून तिला सकाळी मोकळं सोडलेलं असतं. ते दूध कोणाच्या तरी घरी जातं. कचऱ्यातल्या फुटक्या काचेनं तिचं तोंड कापतं, आणि ती तोंड घालते आपल्याच शिळ्या अन्नाच्या पिशवीत. म्हणजे जखमेचं एक टोक गोशाळेत असलं तरी दुसरं आपल्या स्वयंपाकघरात असतं. शिळं अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकायचं नाही, काच वेगळी गुंडाळून द्यायची, ही तर रोजची, फुकटची जीवदया.

मुंबईत भुलेश्वरला 1834 पासून पांजरपोळ आहे. गुजरातेतल्या काही जुन्या पांजरपोळांत तर किड्यामुंग्यांसाठीही वेगळी खोली असे. आपल्या समाजाची दया इतक्या टोकापर्यंत गेलेली आहे. पण मराठीत 'पांजरपोळ' हा शब्द निकामी माणसांच्या जमावाला का चिकटला, याचाही विचार करावा. जागा दिली, चारा दिला, कोनशिलेवर नाव घातलं, आणि आत काय चाललंय ते पाहणं थांबलं, की दयेचं कोठार होतं. आपली देणगी बहुतेक चाऱ्याला जाते, कारण गाईला चारा घालताना फोटो चांगला येतो. गॉज, कापूस, परमँगनेट, हातमोजे, चिमटे यांना देणगी क्वचित येते. आणि ज्याच्या हातानं हे सगळं व्हायचं त्या माणसाच्या पगाराला जवळजवळ कधीच येत नाही. तो माणूस दिवसाला किती जनावरं बघतो? त्याला रजा मिळते का? त्याच्या हाताला जखम असेल तर कोण बघतं? जीवदया निधीच्या बैठकीत हे प्रश्न निघायला हवेत, आणि ते बायकांनी काढावेत. कारण रोज करावं लागणारं आणि केल्याचं दिसत नसणारं काम म्हणजे काय, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

राहिला वास. खरं तर मुख्य अडसर तोच आहे. हिंसेची शंका पुष्कळदा नंतर येते, आधी नाकाला पदर जातो. सडलेल्या जखमेचा वास भयंकर असतो, पोटात ढवळतं. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांमध्ये तिसरं अंग निर्विचिकित्सा, किळस न येणं. त्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. उद्दायन राजानं व्याधिग्रस्त मुनींना आहार दिला, त्यांनी त्याच्या अंगावर ओकारी केली, तरी राजा मागे सरला नाही. स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग धुतलं. ही गोष्ट सांगताना आपला गळा दाटून येतो. मुनींच्या बाबतीत जी किळस आपण जिंकायला शिकतो, ती मुक्या जनावरापाशी परत का येते? पहिल्या दिवशी येईल, दुसऱ्या दिवशीही येईल. घरातल्या आजाऱ्याची घाण काढणाऱ्या बाईला ठाऊक असतं की आठव्या दिवशी वास तोच असतो, पण आपण त्याच्या पलीकडे पाहू लागलेलो असतो.

प्रत्येकीनं चिमटा हातात घ्यावा, असं माझं म्हणणं नाही. ते शिकून करायचं काम आहे, चुकीच्या हातानं जखम वाढते. शहरात नारायणगुड्याला सरकारी पशुदवाखाना आहे, राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरून 1962 हा क्रमांक लावला तर फिरता पशुदवाखाना मागवता येतो. ते महाविद्यालय ज्या विद्यापीठात आहे त्याला पी. व्ही. नरसिंह रावांचं नाव आहे. ह. ना. आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे ते हेच. त्या कादंबरीचं नाव आहे 'पण लक्षात कोण घेतो!' विधवांच्या दुःखासाठी विचारलेला तो प्रश्न गोशाळेच्या दारातही तसाच लागू पडतो.

लक्षात घेणं आपल्याला जमण्यासारखं आहे. महिला मंडळात दहाजणी असतील तर आठवड्यातून एकदा दोघींनी गोशाळेत जायचं. पर्वाच्या दिवशी गर्दी असते तेव्हा नको, साध्या मंगळवारी जायचं. प्रत्येक गाईभोवती एक फेरी मारायची. शिंगांची मुळं, खुरं, शेपटीखाली, वासरांची नाळ बघायची. ओली जागा दिसली की लगेच सांगायचं, आणि पुढच्या खेपेला ती जखम भरली का हे विचारायचं. उरलेल्या दिवसांचं बघणं तिथल्याच कोणाकडे तरी पगारावर ठरवून द्यायचं, आणि तो पगार मंडळानं भरायचा. दशलक्षणात जीवदयेच्या नावानं जे जमतं त्यातला ठरावीक भाग या कामाला ठेवायचा. ज्यांना घरातून निघता येत नाही त्यांनी जुन्या सुती साड्या धुऊन, उकळून, पट्ट्या फाडून पाठवायच्या. आणि आपल्या गल्लीतली, कोणाचीच नसलेली गाय लंगडताना दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा, उद्यावर टाकायचा नाही.

तिची मर्यादा एकच दिवस आहे.